रुकी डिफेन्सिव्ह लाइनमन कसा पारखायचा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लॉस एंजेलिस रॅम्सनी एकाच विद्यापीठातले, फ्लोरिडा स्टेटचे, दोन डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पुढच्या फळीतले खेळाडू) उचलले. जॅरेड व्हर्स १९ व्या क्रमांकावर, ब्रेडन फिस्क ३९ व्या. अ‍ॅरन डोनाल्ड हा त्यांचा नावाजलेला लाइनमन त्याच मार्चमध्ये निवृत्त झाला होता आणि पुढची फळी नव्याने उभी करायची होती. हंगाम संपला तेव्हा फिस्कच्या नावावर साडेआठ सॅक होते, व्हर्सच्या नावावर साडेचार. वर्षातला सर्वोत्तम बचावात्मक रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) हा पुरस्कार मात्र व्हर्सला मिळाला, आणि माझ्या मते तो बरोबर माणसाला मिळाला.

सॅक म्हणजे पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूला, पाडणं. पण खेळाडूचं कसब आणि सॅक यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी येतात: मागच्या बचावपटूंनी पास झेलणाऱ्या रिसीव्हरना किती वेळ रोखून धरलं, क्वार्टरबॅक चेंडू किती वेळ हातात ठेवतो, शेजारच्या साथीदाराने कुणाला गुंतवून ठेवलं. पहिल्याच वर्षी या सगळ्याचा हिशोब सॅकच्या एका आकड्यातून लागत नाही. म्हणून रुकीला पारखताना तो क्वार्टरबॅकपर्यंत कसा पोचतो आणि पोचत नाही तेव्हा नेमकं काय होतं, हे बघायचं. त्याची पद्धत पुढे देतो. एक सामना आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते.

आधी त्याचं काम ठरवा

आक्रमण करणाऱ्या संघाची लाइन पाच जणांची: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यापलीकडे टॅकल. समोरचा डिफेन्सिव्ह लाइनमन यांच्यापैकी कुणासमोर आणि कुणाच्या कोणत्या खांद्यावर उभा आहे, यावरून प्रशिक्षक त्याला क्रमांक देतात. थेट सेंटरच्या डोक्यावर उभा राहिला तर शून्य, सेंटर आणि गार्ड यांच्यामध्ये एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर पाच, आणि टॅकलशेजारी उभ्या राहणाऱ्या टाइट एंडच्याही बाहेर नऊ. याला टेक्निक म्हणतात. ‘थ्री टेक्निक’ आणि ‘नोज टॅकल’ (सेंटरसमोर उभा राहणारा) हे दोघेही कागदावर डिफेन्सिव्ह टॅकलच, म्हणजे बचावाच्या फळीतले आतले खेळाडू, असतात, पण त्यांच्या नोकऱ्या वेगळ्या. थ्री टेक्निकने आत घुसायचं असतं. नोजने दोन ब्लॉकर (समोरचे अडवणारे) अंगावर घेऊन जागा सोडायची नसते, म्हणजे लाइनबॅकर, बचावाच्या मागच्या रांगेतले खेळाडू, मोकळे राहतात.

नोजला सॅकच्या तराजूत तोलणं हा अन्यायच. जॉर्डन डेव्हिसचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं. ३४१ पौंडांचा हा माणूस ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला होता, त्यामुळे लोकांनी त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या. सॅकच्या रकान्यात त्याच्या नावापुढे दाखवण्यासारखं काही दिसलं नाही. पण मधल्या काळात त्याचा घोटा दुखावला, तेव्हा काही आठवड्यांतच ईगल्सनी लिनवल जोसेफ आणि एन्डामुकन सू या दोन जुन्या, जाडजूड माणसांना भर हंगामात करारावर आणलं. एका रुकीच्या जागी दोन अनुभवी खेळाडू आणावे लागले, म्हणजे तो तिथे काहीतरी करत होता.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीनच गोष्टी लिहा: तो बहुतेक वेळा कोणत्या टेक्निकवर उभा राहतो, संघ त्याला एकाच गॅपची (दोन ब्लॉकरांमधल्या फटीची) जबाबदारी देतो की दोन्ही बाजूंच्या गॅपची, आणि तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, तो मैदानावर असतो की बाकावर. तिसरी गोष्ट सगळ्यांत बोलकी. आठ यार्ड हवे असताना, समोरचा पासच टाकणार हे माहीत असताना, प्रशिक्षक कुणाला आत ठेवतो यावरून त्याचा खरा विश्वास कुणावर आहे ते कळतं.

ड्राफ्टआधीचे आकडे किती धरायचे

दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता इंडियानापोलिसला कम्बाइन भरतं. धावणं, उड्या, २२५ पौंडांचा बेंच प्रेस, हाताची लांबी, सगळं मोजलं जातं. या आकड्यांवर भाळणाऱ्यांना व्हर्नन गोल्स्टनचं नाव ठाऊक असावं. ओहायो स्टेटच्या या खेळाडूने बेंच प्रेस ३७ वेळा उचलला. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलमध्ये तो तीन हंगाम खेळला. सॅक: शून्य. १९९५ मध्ये कम्बाइन गाजवलेला माइक मामुला सातव्या क्रमांकावर गेला आणि वॉरन सॅप बाराव्या. मामुला वाईट नव्हता, साडेएकतीस सॅक केले त्याने. पण सॅप हॉल ऑफ फेममध्ये आहे.

म्हणून आकडे फेकूनही द्यायचे नाहीत. मी बघतो ते तीन. पहिला, ४० यार्डांच्या धावेतले पहिले १० यार्ड. लाइनमन सामन्यात सरळ ४० यार्ड धावतोच कधी? पण पहिल्या दोन-तीन पावलांचा स्फोट त्या १० यार्डांत दिसतो, आणि कडेने येणारा खेळाडू ते अंतर १.६ सेकंदांच्या आसपास कापत असेल तर ते चांगलं. दुसरा, थ्री-कोन ड्रिल, म्हणजे तीन शंकूंभोवती वळत धावणं. टॅकलला वळसा घालून आत शिरताना कंबर आणि घोटे किती वाकतात याचा अंदाज त्यातून येतो. तिसरा आकडा वयाचा, आणि तो कम्बाइनमध्ये मोजावाच लागत नाही. क्विनेन विल्यम्स २०१९ मध्ये जेट्सकडे आला तेव्हा २१ वर्षांचा होता. फिस्क आला तो २४ वर्षांचा, वेस्टर्न मिशिगन आणि मग फ्लोरिडा स्टेट असा लांबचा प्रवास करून. चोविसाव्या वर्षी फिस्कचे साडेआठ सॅक आणि एकविसाव्या वर्षी विल्यम्सचे अडीच, या दोन आकड्यांमधलं अंतर दिसतं तेवढं नाही. एकाचं शरीर भरून झालेलं असतं, दुसऱ्याचं अजून भरायचं असतं.

हाताच्या लांबीवरून स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू पारखणारे, फार डोकेफोड करतात. लांब हात असले की ब्लॉकरला दूर ठेवता येतं, हे खरं. ३३ इंच ही बरी लांबी मानतात. पण डोनाल्डचे हात त्याहून थोडे आखूड होते, उंचीही सहा फूट एक इंचाच्या आतबाहेर, आणि त्याच कारणाने तो २०१४ मध्ये १३ व्या क्रमांकापर्यंत उरला. नऊ सॅकचा पहिला हंगाम, तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, कारकिर्दीत १११ सॅक. डेट्रॉइटच्या एडन हचिन्सनचे हातही आखूड, तरी पहिल्या वर्षी साडेनऊ सॅक. तेव्हा हात आखूड असतील तर वहीत एवढंच टिपा, की हा खेळाडू आपली ही उणीव कशाने भरून काढतो.

कम्बाइनपेक्षा मला अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोल या विद्यापीठीय खेळाडूंच्या सामन्याआधीचा सराव जास्त उपयोगी वाटतो. तिथे एकास एक अशा लढती होतात: एक ब्लॉकर, एक रशर (क्वार्टरबॅककडे धावणारा बचावपटू), मध्ये कुणी नाही. डोनाल्डने २०१४ मध्ये तिथेच लोकांचे डोळे उघडले होते. अशा लढती रशरला सोप्या जातात हे मात्र धरून चाला, कारण त्याला रनची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याची, काळजी नसते आणि ब्लॉकरला शेजाऱ्याची मदत नसते.

चेंडू सोडा, माणूस धरा

खरं काम इथे आहे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, आपली नजरही जाते. ती सवय मोडावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्यांना एनएफएल प्लस प्रीमियमवर प्रशिक्षक वापरतात ते चित्रण मिळतं, त्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. ते नसेल तरी चालतं. मैदानाच्या एका टोकाकडून, क्वार्टरबॅकच्या पाठीमागून घेतलेला कोन दाखवला की लाइनवरचे हात स्वच्छ दिसतात. भारतात बसून पाहणाऱ्यांना रविवारचे दुपारचे सामने रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. थेट पाहताना मजा घ्या. पारखण्याचं काम दुसऱ्या दिवशी, थांबवत-थांबवत करा.

एकच खेळाडू, सलग पंचवीस-तीस स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या चाली. प्रत्येक स्नॅप दोनदा बघायचा: पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा फक्त हात.

पायांमध्ये बघायचं ते सुटणं. चेंडू हलला त्या क्षणी तो हलला का, की शेजाऱ्याला हलताना बघून हलला? सगळी रांग एका चौकटीत थांबवा आणि कोण आधी निघालंय ते बघा. चांगला रशर नेहमी पहिला किंवा दुसरा असतो. घरच्या मैदानावर गोंगाटामुळे समोरच्या लाइनला इशारे ऐकू येत नाहीत, त्यामुळे तिथे सगळेच बचावपटू चपळ वाटतात. म्हणून परक्या मैदानावरचा एक सामना तपासायला हवाच.

दुसरं, उंची. सुटल्यावर दोन पावलांत त्याचे खांदे वर आले का? कुस्तीत जो खाली राहतो तो समोरच्याच्या पटात शिरतो आणि ताठ उभा राहणारा चीत होतो, तेच इथे. विद्यापीठात ताकदीच्या जोरावर ताठ उभं राहूनही भागलेलं असतं. एनएफएलमध्ये ३१० पौंडांचा गार्ड छातीत दोन हात घालतो आणि खेळ तिथेच संपतो. उंच खेळाडूंची ही जुनी दुखणी पहिल्या वर्षी हमखास वर येतात.

आता हात. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. टक्कर झाली तेव्हा कुणाचे हात आधी पोचले आणि कुणाचे आतल्या बाजूला होते? रशरचे हात ब्लॉकरच्या छातीवर असतील तर सूत्रं त्याच्याकडे. ब्लॉकरने त्याचं जर्सीचं कापड पकडलं असेल तर सूत्रं गेली. मग डाव बघा. बुल रश म्हणजे सरळ छातीत घुसून मागे रेटत नेणं. रिप म्हणजे खालून हात काढत ब्लॉकरच्या काखेतून निसटणं. स्विम म्हणजे वरून हात टाकून पलीकडे जाणं. शिवाय लाँग आर्म, एकच हात लांब करून छातीत रोवायचा. रुकीकडे यातला एक डाव पक्का असणं पुरेसं आहे. एक म्हणजे एकच, पण असा की समोरच्याला तो येणार हे माहीत असूनही थांबवता येत नाही. व्हर्सचा बुल रश तसा होता. वेगाने येऊन त्या वेगाचं ताकदीत रूपांतर करायचं आणि टॅकलला उलट्या पावली क्वार्टरबॅकच्या अंगावर नेऊन सोडायचं. त्यातले बरेच स्नॅप त्याच्या सॅकच्या रकान्यात कधी आलेच नाहीत. क्वार्टरबॅकला जागा सोडावी लागली आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागला, किंवा त्याने घाईत चेंडू फेकून दिला.

आता तो अडतो तेव्हा काय होतं? पहिला डाव फसला की कच्चा खेळाडू थांबतो, ब्लॉकरला धरून उभा राहतो, मग क्वार्टरबॅककडे बघतो. दुसरा डाव, ज्याला काउंटर म्हणतात, तो लगेच आला का? बाहेरून जाताना टॅकलने अडवलं तर आत वळला का? पास निघायला साधारण अडीच ते तीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात दुसरा डाव सुरू व्हायला हवा. हंगामाच्या सुरुवातीला बहुतेक रुकींकडे तो नसतो. वहीत तारीख घालून लिहा, पुढे उपयोगी पडेल.

डबल टीम, म्हणजे दोघांनी मिळून अडवणं, ही आतल्या लाइनमनची परीक्षा. जिंकणं सोडा, तो किती मागे जातो ते मोजा. एक यार्डाच्या आत थांबला तर उत्तम. काही जण एक गुडघा टेकवून तिथेच ढिगारा करतात, तेही चालतं. तीन यार्ड मागे गेला तर मागच्या लाइनबॅकरचं काम संपलं. आणखी एक गोष्ट समालोचक क्वचित सांगतात: समोरचा संघ त्याच्यावर दोन माणसं पाठवतोच का? ऑक्टोबरपर्यंत एकटा गार्ड होता आणि नोव्हेंबरपासून सेंटरही त्याच्याकडे सरकू लागला, तर विरोधी प्रशिक्षकांनी त्याचं मूल्यमापन करून टाकलंय. त्या काळात त्याचे सॅक कमी झाले तर ती वाईट बातमी नाही.

रन अडवताना एवढंच बघा, की ब्लॉक ओळखतो का. शेजारचा ब्लॉकर आपल्याला सोडून पुढे गेला तर बाजूने कुणीतरी ट्रॅप करायला येतोय, हे अनुभवी लाइनमन जाणतो आणि त्या दिशेला अंग वळवतो. रुकी मोकळी जागा दिसली म्हणून आत धावतो आणि कडेने आलेल्या गार्डकडून आडवा होतो. ही चूक पहिल्या चार आठवड्यांत माफ. डिसेंबरातही तीच होत असेल तर शिकण्याच्या वेगाबद्दल शंका घ्यावी.

आकड्यांकडे वळताना

चित्रण बघून झाल्यावरच आकडे उघडा, आधी नाही. आधी उघडले की डोळा आकड्याला साजेसंच बघतो.

सॅकची यादी घेऊन प्रत्येक सॅक बघून काढा. एका हंगामात ते पाच-दहाच असतात, फार वेळ लागत नाही. त्यांचे तीन ढीग करा. एक, जिथे त्याने ब्लॉकरला स्वतः हरवलं. दोन, जिथे क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू धरून बसला आणि हा उशिरा पोचला. तीन, जिथे त्याला अडवायला कुणी आलंच नाही, किंवा साथीदाराने ठरवून केलेल्या स्टंटमध्ये (दोघांनी वाटा बदलून घुसण्यात) वाट मोकळी करून दिली. पुढच्या वर्षाबद्दल काही सांगतो तो पहिला ढीग. सगळे सॅक किती सामन्यांत विखुरलेत तेही पाहा. मॅक्स क्रॉस्बीने २०१९ मध्ये रेडर्सकडून पहिल्याच वर्षी दहा सॅक केले, त्यातले चार सिनसिनाटीविरुद्ध एकाच दुपारी. त्या चारवरून नुसती नावं ठेवणं सोपं होतं. पण बाकीच्या सामन्यांत तो पहिल्या स्नॅपपासून शेवटच्या स्नॅपपर्यंत त्याच जोमाने पळत होता, आणि हे कोणत्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

सॅक हा १९८२ पासूनचा अधिकृत आकडा. प्रेशर तसा नाही. क्वार्टरबॅकवर दबाव आला की नाही हे प्रत्येक संस्था आपापल्या व्याख्येने ठरवते, त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. गोंधळून जाऊ नका, एकच स्रोत धरा आणि त्याच स्रोतातल्या इतर रुकींशी तुलना करा. ईएसपीएनचा पास रश विन रेट मला बरा वाटतो. खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून खेळाडूंच्या हालचाली टिपल्या जातात आणि अडीच सेकंदांत रशरने ब्लॉकरला हरवलं का, एवढंच त्यात बघतात. चेंडू लवकर सुटला तरी जिंकलेला स्नॅप जिंकलेलाच राहतो. मात्र आतल्या खेळाडूची तुलना आतल्याशी करा, कडेच्याशी नको. आत गर्दी असते, जिंकण्याचं प्रमाण कमीच येणार.

कोणताही आकडा स्नॅपच्या संख्येशेजारी ठेवल्याशिवाय वाचू नका. ताज्या दमाने वीस स्नॅप खेळणारा आणि दमलेल्या पायांनी पन्नास खेळणारा, यांची टक्केवारी सारखी आली तर दुसरा सरस. समोर कोण होतं हेही बघा. जखमी टॅकलच्या जागी आलेल्या राखीव खेळाडूवर मिळवलेले दोन सॅक हे दोन सॅकच असतात, पण त्यांच्यावर फार इमले बांधायचे नसतात.

सप्टेंबर आणि डिसेंबर

एखाद्या रुकीसाठी माझ्याकडे फक्त दोन सामन्यांचा वेळ असेल तर मी दुसऱ्या आठवड्यातला एक आणि पंधराव्या आठवड्यातला एक बघेन. विद्यापीठात डझनभर सामन्यांची सवय असते. एनएफएलमध्ये तीन सराव सामने आणि मग सतरा. त्याआधीचा उन्हाळाही विश्रांतीचा नसतो, कम्बाइनची तयारी, संघांच्या भेटी, मग थेट शिबिर. त्यामुळे नोव्हेंबरात बरेच रुकी मंदावतात. वजन उतरतं, पहिलं पाऊल जड होतं. दमलेल्या शरीराने तो हात अजून आत ठेवतोय का, दुसरा डाव आलाय का, वहीतली जुनी तारीख काढून पडताळा. व्हर्स तर मंदावलाच नाही. जानेवारी २०२५ मधल्या प्लेऑफमध्ये, लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे अ‍ॅरिझोनात हलवलेल्या सामन्यात, त्याने मिनेसोटाविरुद्ध सुटलेला चेंडू उचलून ५७ यार्ड पळवत टचडाउन केला.

दुखापत झाली असेल तर त्यानंतरचे पहिले दोन-तीन सामने हिशोबात धरू नका.

निकाल कधी लावायचा

पहिल्या हंगामानंतर नाही, आतल्या लाइनमनचा तर नाहीच. मायकल स्ट्रॅहनचा १९९३ मधला पहिला हंगाम एका सॅकचा होता, २००१ मध्ये त्याने साडेबावीस केले. ख्रिस जोन्सने २०१६ मध्ये कॅन्सस सिटीकडून दोन केले आणि दोन वर्षांनी साडेपंधरा. क्विनेन विल्यम्सच्या अडीचचे चौथ्या वर्षी बारा झाले. उलट बाजूही आहे. जेव्हन कर्सने १९९९ मध्ये टेनेसीकडून साडेचौदा सॅकचा रुकी विक्रम केला आणि कारकिर्दीत तो आकडा पुन्हा कधीच गाठला नाही.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर वही पुन्हा उघडा आणि फक्त दोन नोंदी ताज्या करा: दुसरा डाव आणि डबल टीमचं प्रमाण. दोन्ही वाढले असतील तर सॅक मागून येतील. दोन्ही जागच्या जागी असतील तर वय आणि दुखापत बघून अपेक्षा उतरवा.

संघांनाही निकाल लावायला एक तारीख असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, आणि पाचवं वर्ष जोडायचं की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. रेडर्सनी २०१९ मध्ये क्लेलिन फेरेलला चौथ्या क्रमांकावर घेतलं होतं, आणि त्याच ड्राफ्टमध्ये क्रॉस्बीला चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर. पहिल्या वर्षी फेरेलचे साडेचार सॅक झाले. तो घट्ट, प्रामाणिक, रनला चांगला खेळाडू होता, पण ब्लॉकर माहीत असूनही थांबवू शकत नाही असा एकही डाव त्याच्याकडे दिसत नव्हता. मार्च २०२२ मध्ये क्रॉस्बीला मोठा नवा करार मिळाला. त्यानंतर काही आठवड्यांत फेरेलचं पाचवं वर्ष रेडर्सनी नाकारलं.